डॉक्टर बदलण्याआधी

आबा,

आमची थोरली कुत्री गेली. चैत्र संपता संपता, भर दुपारी, स्वयंपाकघरात माठाखालच्या गार फरशीवर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कुत्र्याचं काय सुतक धरतीस माय, जनावर होतं. तुम्ही उभ्या जन्मात कुत्र्याला हात लावला नाहीत. बैल, गाय, म्हैस, फार तर एखादी शेळी; कुत्रं दाराशी आलं की पायातली वहाण हातात यायची तुमच्या. आणि तुमची ही लेक, जन्मभर पोरांना पाढे शिकवून निवृत्त झालेली बाई, बीडच्या दोन खोल्यांत दोन कुत्र्या पाळते, त्यांच्यासाठी वेगळी भाकरी थापते आणि एक गेली तर ताटावर बसून रडते. लाज वाटत नाही मला. थोरली मला शाळेच्या व्हरांड्यात सापडली होती, खिचडीच्या पातेल्यात तोंड घालताना. धाकटी तिच्याच पोटची. मायलेकी दिवसभर एकमेकींच्या अंगावर पाय टाकून पडायच्या आणि मी घरात जिकडे जाईन तिकडे चार डोळे फिरायचे. आता दोनच फिरतात, आणि तेही मधूनच थांबून दुसऱ्या दोन डोळ्यांना शोधतात.

पण लिहायला बसले ते रडगाणं गायला नाही. धाकटीही आता सारखी पाणी प्यायला लागली आहे. थोरलीचं असंच सुरू झालं होतं. आमच्या ह्यांनी जालना रोडवरच्या नव्या डॉक्टरचा पत्ता काढून आणलाय, तिथं म्हणे पोटातलं बघायचं यंत्र आहे, कापायची-शिवायची सोय आहे. उद्या सकाळची रिक्षाही सांगून ठेवली आहे त्यांनी. म्हणजे आमचा जुना डॉक्टर सुटला. त्याच्या हातून एक गेली, दुसरी कशाला द्यायची त्याच्या हाती, असं ह्यांचं म्हणणं, आणि ते चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. तरी जेवण जात नाही, झोप येत नाही. कुणाला विचारावं म्हटलं तर तुमच्याशिवाय माणूस आठवेना. डॉक्टर बदलणं म्हणजे काय असतं, ते आपल्या घरानं दुसऱ्या बाजूनं बघितलं आहे.

थोरलीचं कसं झालं ते आधी सांगते. औंदा पाऊस नाहीच. पालीच्या धरणाचा तळ उघडा पडलाय, तुम्ही बघितला होता तसाच, त्यात पोरं क्रिकेट खेळतात. आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा येतो, बाकीचे दिवस पिंपातलं पाणी पुरवायचं. अशात थोरली पाणी पिऊ लागली. भांडं भरावं की रिकामं, पुन्हा भरावं की पुन्हा रिकामं. डॉक्टरला बोलावलं. हा आमचा डॉक्टर तुम्हाला आवडला असता, आबा. त्याच्या बापाचा बसस्टँडसमोर फळांचा गाडा होता, मोसंबी-पपई विकून बापानं त्याला परभणीला शिकवलं. फटफटीवर येतो, आल्या आल्या जनावराच्या कपाळाला कपाळ लावतो, आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. त्यानं थोरलीचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या आणि म्हणाला, "बाई, काही न्हाई. ऊन लई हाय. मान्सं हंडाभर पाणी पितेत, हे तर केसाळ जनावर. पिऊ द्या. पाणी पितंय म्हंजे चांगलंच हाय की." मला पटलं. कुणालाही पटलं असतं. आपल्या भागात तहान हा काही रोग नाही, तहान म्हणजे वैशाख. उलट मला बरं वाटलं की हिला पाणी तरी जातंय, मी माझ्या आंघोळीतलं तिच्या भांड्यात ओतत गेले.

मग ती जेवेना. मग उलट्या. डॉक्टर पुन्हा आला, खिडकीच्या गजाला सलाईनची बाटली बांधली, दुपारभर तिच्यापाशी उकिडवा बसून राहिला. जाताना म्हणाला, उद्या उठंल. दुसऱ्या दिवशी ती उठली, माठापर्यंत चालत गेली, आणि तिथंच गेली. तिचं पोट फुगलेलं होतं. ह्यांनी आणि शेजाऱ्यांनी मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये खड्डा केला. जमीन अशी वाळलेली की पहार उडत होती.

तेव्हापासून दुपारी घर निजलं की मला लपलप ऐकू येते. कुत्रं पाणी पितं ना, जिभेनं, तसा आवाज. उठून स्वयंपाकघरात जाते. धाकटी पलंगाखाली असते, भांडं जागच्या जागी, पाणी हललेलंसुद्धा नसतं. हे म्हणतात माठ झिरपतोय. भीती वाटते असं नाही, पण उठल्याशिवाय राहवत नाही, न जाणो तिला अजून तहान असेल. आणि परवा अशीच उठून गेले तर खरंच कुणीतरी पीत होतं. धाकटी होती. भांडं तळापर्यंत चाटून तिनं माझ्याकडे बघितलं, अजून पाहिजे म्हणून.

आता ज्याच्यासाठी लिहितेय ते. थोरलीला पुरलं त्या संध्याकाळी डॉक्टरचा फोन आला. हे दारात बसले होते, हातपाय धुतले होते तरी नखांत माती तशीच. फोनमधला आवाज मला चुलीपाशी, म्हणजे आता गॅसपाशी म्हणायचं, स्वच्छ ऐकू आला. "साहेब, कशी हाय आपली म्हातारी?" आणि हे म्हणाले, "बरी हाय डाक्टरसाब. लई बरी हाय. तुमच्या हाताला गुण हाय." फोन ठेवला आणि नखं कोरत बसले. मी विचारलं, असं का सांगितलंत? तर म्हणतात, "त्याला कावून दुखवायचं? गुणी पोरगं हाय. दुपारभर बसलं बिचारं. आता सांगून ती माघारी येनार हाय का? आपण गपचूप दुसरीकडं जाऊ." ह्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. हे माणूसच भिडस्त, बँकेत होते तेव्हा गिऱ्हाइकाला नाही म्हणायची वेळ आली की साहेबाकडे पाठवायचे. पण ते "बरी हाय" कानावर पडलं आणि मी स्वयंपाकघरात उभी होते तिथून एकदम साखर कारखान्याच्या चारा-छावणीत जाऊन पडले, तुमच्या शेजारी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं.

तुम्ही दूध संघाचे स्टॉकमन, जनावरांना औषधपाणी करणारे नोकर होतात, पण गाव डाक्टरच म्हणायचं. आपल्या घरी माणूस बोलवायला यायचा तेव्हा त्यानं दाराआडची औषधाची पेटी स्वतः उचलायची आणि पुढं चालायचं, अशी रीत होती. कुणी घातली होती कोण जाणे. सरपंच आला तरी पेटी त्याच्याच डोक्यावर. मला त्याचा केवढा गर्व होता. तुम्ही मागून मोकळ्या हातांनी चालायचात, वाटेत प्रत्येक गोठ्यात डोकावून विचारायचात, "गाय कशी हाय?" "बैल कसा हाय?" आणि आतून हाक यायची, बरा हाय डाक्टर, बरी हाय.

त्या छावणीच्या साली आतासारखाच दुष्काळ होता. छावणी अजून उघडायची होती, कारखान्याची माणसं नुसती लिंबागणेशच्या वाटेवरचा माळ मोजून गेली होती. कडबा संपला म्हणून लोक जनावरांना उसाचं पाचट घालत होते, छपरावरचं काढून घालत होते. पाचटानं पोट धरायचं, शेण बंद व्हायचं, जनावर मान टाकायचं. तुम्ही जुलाबाचं पांढरं मीठ पाण्यात कालवून बांबूच्या नळ्यानं पाजायचात आणि गोठ्यातून निघताना सांगायचात, "वरनं पाणी पाजा. भरपूर. दिवसभर पाजत ऱ्हावा." मळ्यातल्या मावशीची म्हैस आठवते ना? आईची मानलेली बहीण ती. तिच्याकडचं पहिलं खरवसाचं ताट आपल्याकडे यायचं. तिच्या म्हशीला तुम्ही असंच औषध पाजून आलात. दोन दिवसांनी मावशी वाटेत भेटली, मी तुमच्याबरोबर होते. तुम्ही विचारलंत, "मावशे, म्हस कशी हाय?" ती पदर सावरत म्हणाली, "बरी हाय बाबा. लई बरी हाय. तुज्या हाताला यश दिलंय देवानं." तुम्ही खूश झालात. त्या आठवड्यात तेच मीठ आणखी किती गोठ्यांत पाजलंत ते मला माहीत नाही.

मग छावणी उघडली आणि संघानं तुम्हाला तिथं लस टोचायला पाठवलं. शाळेला सुट्टी होती, आईनं माझ्या डोक्यावर भाकरी दिली. मला तो दिवस अजून दिसतो. माळावर जनावरांच्या रांगा, गावागावाच्या वेगळ्या. धूळ, मुताचा वास, उसाची चोयटी. तुम्ही आपल्या गावाच्या रांगेतून चालता आहात, मी मागे. मावशी एका शेळीपाशी बसली आहे. तुम्ही विचारता, "मावशे, म्हस कुठं बांधली? सुई टोचायची हाय." मावशी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "पाव्हण्यांकडं धाडली रं. धर्मापुरीला. तिकडं पाणी हाय. बरी हाय, लई बरी हाय." तुम्ही मान हलवता. पुढच्या खुंट्यापाशी एकजण म्हणतो, आमची लेकीकडं दिली. त्याच्या पुढचा म्हणतो, बाजार दाखवला हो, चारा कुठनं आणावा. ज्या ज्या जनावराला तुम्ही पाजलं होतं, त्यातलं बरंचसं कुठंतरी लांब, पाणी असलेल्या गावी सुखानं नांदत होतं. कुणी तुमच्याकडे बघून बोलत नव्हतं. रांग संपली तिथं टाकीच्या कडेला तुम्ही बसलात, भाकरीचं गाठोडं सोडलं नाहीत. मला म्हणालात, "धर्मापुरीला मावशीचं कोण हाय गं माय?" मी म्हणाले, मला काय ठाव. धर्मापुरी म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. आजारातून उठलेली म्हैस तिथवर कोण चालवत नेईल, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. तुमच्या आलं होतं का?

कारण त्यानंतर तुम्ही वेगळेच वागू लागलात. कुणी बोलवायला आलं की आधी विचारायचात, "घरात पाणी किती हाय?" लोकांना ते लागायचं. आल्या माणसाला घरातलं पाणी विचारणं म्हणजे घरात पीठ आहे का विचारल्यासारखं. "पाणी कावून नसंल आमच्यात? भिकारी समजलात का?" असं एकजण अंगणात उभा राहून बोलून गेला होता. हळूहळू बोलवायला येणारे कमी झाले. शेजारच्या गावातून सायकलवर एक माणूस येऊ लागला, लोक मागच्या वाटेनं त्याला न्यायचे, आपल्या दारावरून नव्हे. भांडण नाही, तंटा नाही, शिवी नाही. रस्त्यात भेटले की रामराम, चहाचा आग्रह. फक्त पेटी कुणी उचलेना. आई तिच्यावर सांडग्यांचं ताट ठेवू लागली. मग संघानं तुम्हाला डेअरीवर बसवलं, दुधाची फॅट तपासायला, आणि तुम्ही तिथंच संपलात. म्हणजे जगलात बरीच वर्षं, पण माझे आबा तिथं संपले. गावाचा मला फार राग होता. अजून आहे.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मावशी आजारी पडली, मी भेटायला गेले. तिनं स्वतःहून विषय काढला. "तुज्या बापानं कळशी कळशी पाणी पाज म्हनून सांगितलं होतं. कळशी कुठनं आणू, माय? घरात लेकरं वठ चाटीत होती. आन् न्हाई म्हनायची लाज वाटली. डाक्टर घरी येतोय, आन् त्याला काय सांगू, पाणी न्हाई म्हनून? रातीत मेली म्हस. सगळ्यायच्या अशाच मेल्या." मी विचारलं, मग आबांना सांगितलं का नाही कुणी? तर म्हातारी माझ्याकडे मी वेडी असल्यासारखी बघायला लागली. "तेला कसं सांगावं? एवढा चांगला मानूस. जिवाला घोर लावून घेतला असता."

म्हणजे बघा. वरून पाणी नसलं की ते मीठ जनावराच्या अंगातलंच पाणी ओढून घेणार. पहिली म्हैस मेली तेव्हाच कुणी येऊन सांगितलं असतं, डाक्टर, मीठ पाजलं पण वरून पाजायला पाणी नव्हतं, तर दुसरी वाचली असती. तिसरी वाचली असती. तुम्हीही वाचला असतात. कुणाला तुमचं वाईट करायचं नव्हतं. सगळ्यांनी तुम्हाला जपलं, आणि जपता जपता तुम्हाला सोडून दिलं.

आता तुम्ही सांगा, उद्या मी काय करू? ह्यांचं ऐकून गपचूप दुसरीकडे गेले तर धाकटी कदाचित वाचेल. पण त्या पोराला कधीच कळणार नाही, आणि तो अजून दहा घरांत जाऊन "ऊन लई हाय, पिऊ द्या" सांगत राहील. आणि त्याच्याकडे गेले तर? त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही, आबा, खरंच नाही. माझी थोरली त्याच्या डोळ्यांदेखत खंगली आणि त्याला काही समजलं नाही. त्याचा चेहरा आठवला की तिडीक कपाळात जाते. धाकटी या घडीला माठापाशी बसून आहे. भांडं रिकामं आहे.

इथवर लिहून कागद पालथा ठेवला होता. आज पुन्हा घेतलाय. मध्ये बरंच काही झालं.

त्या सकाळी रिक्षा आली. धाकटीला चादरीत गुंडाळून घेतलं आणि मी रिक्षावाल्याला म्हणाले, आधी बसस्टँडकडून घे. हे कावले, "आता तिकडं कावून?" मी म्हणाले, सांगायला. खरं सांगायचं तर सांगायला आणि शिव्या द्यायला. ह्यांनी रिक्षातून उतरायला नकार दिला, तोंड दुसरीकडे करून बसले.

डॉक्टर शटर वर करत होता. "या बाई," म्हणाला, "म्हातारी कुठंय? धाकटीलाच आनलं का?" रात्रभर जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एक आठवेना. मी म्हणाले, "ती मेली. तुम्ही सलाईन लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तो हसला आधी, ऐकण्यात चुकलं असं वाटून. मग म्हणाला, "पर साहेब तर म्हनले..."

"साहेब खोटं बोलले."

तो स्टुलावर बसला. फिनाईलचा वास येत होता, शेजारच्या टपरीवर रेडिओ चालू होता. मग त्यानं मान वर केली, तर चिडलेला होता. "तवाच सांगायचं होतं, बाई. तवाच! मी रोज तिकडनं जातो, म्हनतो बरी झाली म्हातारी."

मीही चिडले. "आणि तुम्ही तेव्हाच ओळखायचं होतं."

दोघंही असं ओरडलो की धाकटीनं चादरीतून डोकं बाहेर काढलं. तिनं त्याला ओळखलं, शेपटी हलवली. त्यानं नेहमीसारखं कपाळाला कपाळ लावलं नाही. हात पुसले, तिला टेबलावर घेतली. "ही बी पितीय?" मी म्हणाले, खूप. "माजावर कधी आलती?" मी सांगितलं, दोघी एकदमच आल्या होत्या, शिमग्याच्या आसपास. त्याचा हात तिच्या पोटावरच थांबला. मग दुसऱ्या बाजूनं दाबून बघितलं, धाकटी कुईं करून आकसली. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "गर्भपिशवीत पू झालाय. म्हातारीला बी हेच असनार. पुवानं तहान लागती. मी उन्हावर ढकललं. चुकलं माजं, बाई." मला वाटलं होतं हे ऐकून बरं वाटेल. काही वाटलं नाही.

"माज्याकडं कापायची सोय न्हाई. तिकडं न्या, जालना रोडला. आत्ताच्या आत्ता. मी फोन करतो त्यायला." फोन केला, त्या डॉक्टरला नीट सगळं सांगितलं, आपली चूकसुद्धा. मी धाकटीला उचलून दारापर्यंत आले तर हा पुन्हा फोन लावतोय. मला वाटलं तिकडेच. पण म्हणाला, "बाई, थांबा जरा. ह्या महिन्यात अजून दोन कुत्र्या आलत्या, पाणी लई पितीय म्हनून. दोघींना हेच सांगितलंय मी." पलीकडून आवाज आला, मोठा, मोकळा, "बोला डाक्टरसाब! मस्त हाय की! आता एकदम बरी हाय!" डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये अगदी हळू म्हणाला, "खरं सांगा दादा. मी रागावनार न्हाई. हाय, का गेली?"

मग तोच माणूस, पण आवाज निराळा, "गेली हो. चार रोज झाले. तुमाला कसं सांगावं?"

डॉक्टरनं डोळे मिटले. मग दुसरा नंबर लावला. ती कुत्री जिवंत होती, पाणी पीतच होती. त्यानं मालकाला जालना रोडला यायला सांगितलं, शटर ओढलं, आणि फटफटीवर आमच्या रिक्षाच्या पुढं निघाला. रिक्षात ह्यांनी त्याच्या पाठीकडे बघत मला विचारलं, लई चिडला का गं? मी म्हणाले, तुम्हीच विचारा.

धाकटी आणि ती दुसरी, दोन्ही कुत्र्यांची पोटं एकाच दिवशी कापून शिवली, दोन्ही वाचल्या. धाकटी आता खाते, भाकरीला नाक मुरडते, माझ्या पायांशी पडून आहे. टाके जुन्या डॉक्टरनंच घरी येऊन काढले. हे आजही शेजाऱ्यांना सांगतात की आम्ही डॉक्टर बदलला, आणि जुना आला की चहा स्वतः करून आणतात. मी त्याला माफ केलं का, ते मला विचारू नका. थोरली माझी होती. पण काही दुखलंखुपलं तर फोन त्यालाच करते, आणि जसं असेल तसं सांगते. लपलप अजून ऐकू येते दुपारची. धाकटी समोर निजलेली असते, तरी येते.

एक राहिलं, आबा. तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी दवाखान्यात उशाशी बसले होते. ताप चढला होता, तुम्ही कुणाला ओळखत नव्हतात. एकदम डोळे उघडलेत आणि शुद्धीतल्या माणसासारखं मला विचारलंत, "मावशीची म्हस कशी हाय गं, माय?" इतक्या वर्षांनी. मावशीनं मला तोवर काहीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं वातातलं बोलणं. मी तुमच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "बरी आहे आबा. लई बरी आहे." तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात आणि मग भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, चला, समाधान झालं, झोप लागली. आता वाटतं, अख्ख्या गावानं सांगितलं नाही ते शाळेत शिकवणारी लेक सांगेल, म्हणून विचारलं होतंत.

म्हैस मेली होती, आबा. तुम्ही औषध पाजून आलात त्याच रात्री. दुसऱ्याही मेल्या. वरून पाजायला पाणी नव्हतं आणि कुणी तुम्हाला तसं सांगितलं नाही.

हे लिहायला जमलं, कारण तुम्ही हे वाचणार नाही. तुम्ही समोर असतात आणि तसंच विचारलं असतंत, तर मी आजही म्हणाले असते, बरी आहे.